मॅडोनाच्या चाळीस सिंगल्सचा जपानी बॉक्स सेट घेण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉर्नर म्युझिक जपानने १९९६ मध्ये काढलेला मॅडोनाचा ‘सीडी सिंगल कलेक्शन’ हा चाळीस छोट्या तबकड्यांचा बॉक्स सेट एका जपानी विक्रेत्याकडे विक्रीस आहे. तो अस्सल आणि पूर्ण आहे हे छायाचित्रांवरून कसे ओळखावे, त्याऐवजी सुट्या सिंगल्स, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या तबकड्या, गोळा करून संच जमवणे स्वस्त पडेल का, आणि मायकल जॅक्सनचे अशाच प्रकारचे संच घेताना काही निराळे पाहावे लागते का, अशी विचारणा आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की, अशा संचाची किंमत त्यातल्या गाण्यांना नसते. ती गाणी कोणत्याही संग्रह-अल्बमात किंवा फोनवर आज सहज ऐकता येतात. मोल असते ते पेटीला, तिच्यासोबतच्या पुस्तिकेला, पाकिटांना, जपानी तबकड्यांभोवती गुंडाळतात त्या कागदी पट्ट्याला आणि हे सगळे मूळच्या जोडीने एकत्र टिकून राहिले आहे या वस्तुस्थितीला. त्यामुळे संच तपासताना तबकडीवरच्या ओरखड्यांकडे जितके लक्ष द्याल, त्याच्या दुप्पट कागदाकडे द्यावे. नवखे संग्राहक नेमके उलट करतात. विक्रेत्याने ‘तबकड्या नव्यासारख्या’ असे लिहिले की ते खूश होतात आणि पुस्तिका आहे की नाही हे विचारायचे राहून जाते.

हा संच जपानमध्येच का निघाला, हे समजले की पुढची तपासणी सोपी होते. आठ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे तीन इंची, सीडी सिंगल जपानी बाजारात १९८८ च्या फेब्रुवारीत आली आणि पुढची दहा-बारा वर्षे तिथे सिंगल म्हणजे हीच तबकडी असे समीकरण राहिले. युरोप-अमेरिकेत ती काही काळ दिसली, पण तिथल्या ग्राहकांना बारा सेंटिमीटरचीच सवय झाली. जपानी दुकानांतली ही सिंगल उभट, लांबट पुठ्ठ्याच्या पाकिटात मिळे. वरच्या अर्ध्यात तबकडी बसवलेली आणि खालचा अर्धा भाग रिकामा, अशी तिची रचना असे. आतली प्लास्टिकची चौकट मध्यावर मोडून पुठ्ठा दुमडला की खिशात मावेल असा चौकोन तयार होई. अनेक जपानी ग्राहकांनी ती तशी मोडली, म्हणूनच न मोडलेल्या पाकिटाला आज जास्त भाव मिळतो. मॅडोनाची १९८८ पूर्वीची गाणी मूळ प्रकाशनाच्या वेळी या आकारात असणे शक्यच नव्हते. सुरुवातीच्या सिंगल्सपासूनचा प्रवास एकाच आकारात आणि एकाच पेटीत मांडलेला असणे, हेच या संचाचे आकर्षण आहे.

आपल्याकडच्या वाचकांना हे थोडे परके वाटेल, आणि त्याला कारण आहे. पाश्चात्त्य पॉपची ‘सिंगल’ ही वस्तू आपल्या बाजारात कधी रुजलीच नाही. मॅडोना आपल्याकडे आली ती मॅग्नासाउंड या कंपनीच्या कॅसेटमधून, आणि तीही अख्ख्या अल्बमच्या रूपात. मायकल जॅक्सनचा १ नोव्हेंबर १९९६ चा अंधेरीचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेल्या अनेकांनी त्याची एकही सिंगल हातात धरलेली नसेल. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये आयात तबकड्या मिळत, पण तिथेही भर अल्बमवरच असे, आणि ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. त्यामुळे सिंगल्सचा संग्रह करणारा इथला माणूस जवळपास सगळीच खरेदी परदेशातून करतो आणि वस्तू हाताळून पाहण्याची संधी त्याला मिळत नाही. पुढची सगळी तपासणी छायाचित्रांवरून आणि विक्रेत्याला विचारलेल्या प्रश्नांवरून करायची आहे, हे धरूनच लिहितो.

पहिली मागणी करावी ती चाळीसही पाकिटांच्या मागच्या बाजूच्या छायाचित्रांची. पुढच्या बाजूची छायाचित्रे विक्रेते आनंदाने देतात, कारण ती देखणी असतात, पण माहिती असते ती मागे. प्रत्येक जपानी प्रकाशनावर अक्षरे आणि अंक मिळून एक कॅटलॉग क्रमांक असतो. संच म्हणून एकत्र काढलेल्या तबकड्यांचे क्रमांक एकाच मालिकेत, ओळीने लागलेले आहेत का, ते पाहावे. मध्येच एखादा क्रमांक दुसऱ्याच मालिकेतला निघाला, तर मूळ तबकडी हरवली आणि तिच्या जागी बाजारात सुटी विकली गेलेली सिंगल घातली गेली, असे समजावे. गाणे तेच, चित्रही कदाचित तेच. संच मात्र जोडलेला. असा जोडलेला संच घेऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु त्याला पूर्ण संचाची किंमत देऊ नये. विक्रेत्यालाही बहुतेक वेळा हे माहीत नसते. त्याने तो संच जुन्या संग्राहकाच्या वारसांकडून जसाच्या तसा उचललेला असतो, तेव्हा लगेच त्याच्यावर फसवणुकीचा संशय घेण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी किमतीच्या छापील आकड्याची. ती मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण ती खोटी पाडणे कठीण आहे. जपानमध्ये उपभोग कर १ एप्रिल १९८९ पासून तीन टक्के होता आणि १ एप्रिल १९९७ पासून तो पाच टक्के झाला. जपानी तबकड्यांवर करासहित आणि करपूर्व अशा दोन्ही किमती छापण्याची पद्धत होती. नव्वदच्या दशकातल्या सुट्या तीन इंची सिंगलवर तुम्हांला बारीक अक्षरांत १,००० येन आणि शेजारी करपूर्व ९७१ येन असे आकडे दिसतील. ९७१ वर तीन टक्के चढवले की हजार होतात, म्हणजे ती छपाई १९९७ च्या एप्रिलपूर्वीची. तीच सिंगल नंतर पुन्हा छापली गेली असेल, तर करपूर्व आकडा ९७१ च राहतो आणि करासहित किंमत १,०२० होते. १९९६ च्या संचात भर म्हणून घातलेली उशिराची छपाई या एका भागाकाराने उघडी पडते. जपानी लिपी वाचता आली नाही तरी आकडे वाचता येतात, त्यामुळे ही तपासणी कोणालाही करता येईल.

याच मजकुरात बहुधा प्रकाशनाची तारीखही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने छापलेली असते, आणि तिच्याबरोबर बरोबर एका वर्षाच्या अंतराने दुसरी तारीख असते. ती वस्तूची मुदत नव्हे. जपानमध्ये तबकड्या भाड्याने देणारी दुकाने होती, परदेशी कलाकारांच्या नव्या तबकड्या पहिले वर्षभर भाड्याने देण्यास मनाई असे, आणि ही दुसरी तारीख त्या मनाईची शेवटची. भाड्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या तबकड्याही जुन्या बाजारात खूप फिरतात. त्यांवर दुकानाचे चिकटपट्टीचे डाग, शिक्का किंवा बारकोडची चिठ्ठी असते. अशी एखादी तबकडी संचात दिसली, तर तीही बाहेरून आलेली आहे हे उघड आहे.

तिसरी गोष्ट तबकडीच्या आतल्या कड्याची. छिद्राभोवती जो पारदर्शक आणि त्यालगतचा चमकता पट्टा असतो, त्यात कारखान्याने कोरलेला क्रमांक असतो. दिव्याखाली तिरकी धरून काढलेले त्याचे एक छायाचित्र मागावे, आणि चाळीसांचे मागणे अवघड वाटले तर कोणत्याही पाच-सहा तबकड्यांचे मागावे. १९९४ पासून जगभरच्या कारखान्यांनी ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) या अक्षरांनी सुरू होणारे ओळख-संकेत तबकडीवर उमटवायला सुरुवात केली. हा संकेत नाही म्हणून तबकडी नकली ठरत नाही, कारण सगळे कारखाने एकदम त्यात आले नाहीत. मात्र १९८८ किंवा १९९० ची म्हणून विकल्या जाणाऱ्या सुट्या सिंगलवर तो दिसला, तर ती छपाई त्या सालची नाही हे निश्चित समजावे. आणि ज्या तबकडीची खालची बाजू निळसर किंवा हिरवट झाक मारते व कड्यात कोरीव क्रमांकच नसतो, ती कारखान्यात दाबलेली नसून घरच्या संगणकावर जाळलेली आहे. आठ सेंटिमीटरच्या कोऱ्या तबकड्याही बाजारात मिळत असत, तेव्हा आकार छोटा म्हणजे अस्सल, असा समज करून घेऊ नये.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. लोकप्रिय पॉप कलाकारांच्या नावावर ‘जपानी बॉक्स’, ‘प्रचारासाठीचा दुर्मीळ बॉक्स’ अशा नावाखाली कंपनीने कधीच न काढलेले संच फिरत असतात. चाहत्यांनी किंवा चोरट्या उत्पादकांनी छान लाकडी अथवा कापडी पेटी करून, आत खऱ्या-खोट्या तबकड्या भरून ते तयार केलेले असतात. पेटी जितकी जास्त शोभिवंत, तितका मला जास्त संशय येतो. अस्सल पेटीवर कंपनीचे नाव, कॅटलॉग क्रमांक, हक्कांच्या चिन्हापुढचे साल आणि छापील किंमत असते. यांपैकी काहीच नसेल तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी स्मरणवस्तूच्या भावातच घ्यावी. प्रचारासाठी वाटलेल्या खऱ्या जपानी प्रतींवर ‘विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा जपानी मजकूर छापलेला किंवा चिकटवलेला असतो, आणि त्यांचाही कॅटलॉग क्रमांक असतो.

कागदी पट्ट्याबद्दल, ज्याला संग्राहक ओबी म्हणतात, फार लिहायला नको. कोणत्याही जपानी तबकडीबाबत तो आहे का, अखंड आहे का, आणि उन्हाने त्याचा रंग उडाला आहे का, एवढे विचारले की पुरे. पुस्तिकेच्या बाबतीत मात्र पाने मोजून घ्या आणि स्टेपलच्या पिनांभोवती गंज आहे का, तेही पाहा. गंजलेली पिन म्हणजे संच दमट जागी राहिला होता याची खूण होय, आणि मग तबकड्यांच्या पाकिटांकडेही त्या नजरेने पाहावे.

आता सुट्या सिंगल्स जमवून संच पूर्ण करण्याबद्दल. हिशेब वरवर आकर्षक दिसतो, कारण मॅडोनाच्या गाजलेल्या गाण्यांच्या जपानी सिंगल्स सुट्या घेतल्या तर फारशा महाग नसतात. पण कमी खपलेल्या दहा-बारा सिंगल्स गाठताना सगळी बचत वाहून जाते. त्याच सर्वांना हव्या असतात, आणि प्रत्येक पार्सलचा टपालखर्च वेगळा पडतो. शिवाय शेवटी तुमच्याजवळ चाळीस सिंगल्स असतात. पेटी आणि पुस्तिका तरीही नसतेच, आणि रिकामी पेटी कोणी सहसा विकत नाही. ज्याला ऐकण्यासाठी आणि मांडून ठेवण्यासाठी सिंगल्स हव्यात, त्याने खुशाल एकेक जमवाव्या, त्यात मजा आहेच. ज्याला हा बॉक्स सेट हवा आहे, त्याने थांबून पैसे साठवावेत आणि एकाच वेळी पूर्ण संच घ्यावा.

मायकल जॅक्सनच्या बाबतीत मात्र हाच सल्ला काही संचांना उलटा लागू पडतो, म्हणून तो भाग सविस्तर सांगतो. २००६ मध्ये युरोपात ‘व्हिजनरी’ नावाने त्याच्या वीस सिंगल्स ड्युअलडिस्क स्वरूपात, दर आठवड्याला एक याप्रमाणे निघाल्या. पहिल्या आठवड्याच्या ‘थ्रिलर’बरोबर रिकामी पेटी दिली गेली, आणि उरलेल्या एकोणीस ग्राहकाने आठवड्यागणिक विकत घेऊन तीत भरायच्या होत्या. ही कल्पना त्याआधीच्या वर्षी एल्व्हिस प्रेस्लीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये यशस्वी झाली होती. २००५ च्या जानेवारीपासून त्याची तिथली अठरा अव्वल गाणी दर आठवड्याला पुन्हा विक्रीस आली. पहिल्या ‘ऑल शुक अप’सोबत संग्रहपेटी होती, आणि पेटीमुळे ती आवृत्ती नियमांनुसार विक्रीच्या क्रमवारीत धरलीच गेली नाही. पुढच्या आठवड्यांतल्या गाण्यांना हा अडसर नव्हता. त्यांतले ‘वन नाइट’ पहिल्या क्रमांकावर गेले आणि ब्रिटिश क्रमवारीतले हजारावे अव्वल गाणे ठरले. अशा पद्धतीने विकल्या गेलेल्या संचात ग्राहकाने पेटी स्वतःच भरायची, हीच मूळ योजना असल्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेला संचही तितकाच अस्सल असतो. इथे अर्धवट भरलेली पेटी स्वस्तात उचलून उरलेल्या तबकड्या शोधणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. शेवटच्या आठवड्यांपर्यंत सगळेच ग्राहक टिकून राहत नाहीत, त्यामुळे मालिकेच्या उत्तरार्धातल्या तबकड्यांवर आधी लक्ष ठेवावे.

ड्युअलडिस्कची एक अडचण खरेदीपूर्वीच माहीत असलेली बरी. तिच्या एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी चिकटवलेली असते, त्यामुळे ती साध्या तबकडीपेक्षा जाड असते आणि तिचा सीडीचा थर मात्र प्रमाणापेक्षा पातळ असतो. सीडीच्या प्रमाणात ती बसत नाही म्हणून तिच्यावर सीडीचे अधिकृत चिन्हही छापता येत नसे. काही यंत्रे तिची सीडीची बाजू वाचतच नाहीत. यंत्राने नाकारली म्हणजे तबकडी बिघडली असे समजून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नये.

जॅक्सनचे ऐंशीच्या दशकातले ब्रिटिश संच विनाइलचे आहेत. १९८३ चा लाल रंगाच्या नऊ सात इंची तबकड्यांचा संच आणि १९८८ चा ‘बॅड’ अल्बमच्या काळातला पाच चौकोनी चित्र-तबकड्यांचा संच हे त्यांतले प्रसिद्ध. चौकोनी चित्र-तबकडीत कागदावरचे चित्र पारदर्शक थरांच्या मध्ये दाबलेले असते, त्यामुळे तिचा आवाज साध्या काळ्या तबकडीपेक्षा खरखरीत येतो. तो दोष नव्हे, ती तिची जातच आहे. स्वयंचलित टर्नटेबलवर तिला कधीही लावू नये. सुई आपोआप खाली उतरते ती गोल तबकडीच्या कडेचा अंदाज धरून, आणि चौकोनाच्या बाजूला तिथे तबकडीच नसते. सुई थेट रबरी चटईवर आपटते. हे संच बऱ्याचदा पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक पाकिटांत साठवलेले मिळतात. ती पाकिटे वर्षानुवर्षे तबकडीला चिकटून राहिली की पृष्ठभागावर धुक्यासारखा थर बसतो आणि तो पुसून जात नाही. छायाचित्र मागताना तबकडी पाकिटाबाहेर काढून, तिरक्या प्रकाशात घ्यायला सांगावे. मूळ पाकीट फेकू नये, कारण तेही संचाचा भाग असते. फक्त तबकडी वेगळ्या, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवून मूळ पाकीट शेजारी जपावे.

ब्रिटिश सीडी सिंगल्स गोळा करणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे, ते म्हणजे लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नचा पीडीओ कारखाना. १९८८ ते १९९३ च्या सुमारास तिथे दाबलेल्या काही तबकड्यांवरचा संरक्षक लेप कागदी पाकिटातल्या गंधकापुढे टिकला नाही. कडेकडून आत ब्राँझचा रंग चढत जातो आणि शेवटी गाणे अडखळू लागते. सिंगल्स पुठ्ठ्याच्या पाकिटात येत असल्यामुळे त्यांच्यात हे जास्त आढळते. कड्यावर पीडीओ आणि ब्रिटनमध्ये बनवल्याचा उल्लेख दिसला, की खालच्या बाजूचे स्वच्छ छायाचित्र मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरेदीच्या वाटेबद्दल. जपानमधल्या लिलावांत तुम्हांला सरळ बोली लावता येत नाही. तिथला एखादा मध्यस्थ तुमच्या वतीने घेतो आणि पाठवतो. हा मध्यस्थ पेटी उघडून चाळीस तबकड्या मोजणार नाही, हे गृहीत धरावे. अनेक जपानी विक्रेते वर्णनातच ‘नो क्लेम, नो रिटर्न’ असे लिहून मोकळे होतात, आणि ‘जंक’ असे लिहिले असेल तर वस्तू तपासलेलीच नाही असा त्याचा अर्थ. याच्या उलट, जुन्या तबकड्यांची मोठी जपानी दुकाने किंमत थोडी जास्त घेतात, पण पेटीवरचा ओरखडासुद्धा वर्णनात लिहितात. पहिलाच मोठा संच असेल, तर मी लिलावापेक्षा दुकान निवडेन.

पार्सल बांधताना पेटीच्या आत मोकळी जागा राहू देऊ नये, असे लेखी सांगावे. चाळीस पाकिटे वाटेत हलत राहिली तर त्यांचे कोपरे तर झिजतातच, शिवाय पेटीचे सांधेही आतून फाटतात. जकात आकारली जाते ती वस्तूची किंमत, टपालखर्च आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर, आणि वस्तू व सेवा कर त्या बेरजेत जकात मिळवून, तेव्हा अंदाज बांधताना टपालखर्च विसरू नका. टपालाने आलेले पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी डाकघराकडे तपासणीला जाऊ शकते. तिथे मागणी झाली तर खरेदीची पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा लगेच देता आला पाहिजे. ‘पार्सलवर भेटवस्तू असे लिहा’ किंवा ‘किंमत कमी दाखवा’ असे विक्रेत्याला मुळीच सांगू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पार्सल गहाळ झाले तर विम्याची भरपाईही त्या कमी दाखवलेल्या किमतीइतकीच मिळते.

पार्सल हाती आले की फोनवर चित्रीकरण सुरू ठेवून ते फोडावे आणि त्याच दिवशी चाळीसही पाकिटे उघडून पाहावीत. विक्रेत्याच्या तक्रारीच्या मुदती छोट्या असतात.

जपणुकीच्या बाबतीत आपले हवामान कठोर आहे. मुंबई-कोकणातला पावसाळा कागदाला पिवळे ठिपके आणतो आणि कसर तर बाराही महिने लागते. संच बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्यात अधूनमधून बदलाव्यात. घरोघरी कपड्यांत घालतात त्या डांबराच्या गोळ्या मात्र इथे चालणार नाहीत, कारण त्यांच्या वाफेने सीडीच्या डब्यांचे पॉलिस्टायरीन मऊ पडते. जुने दुकानाचे स्टिकर काढायचा मोह आवरावा, विशेषतः ओबीवरचे. हेअर ड्रायरच्या उष्णतेने ते निघतात खरे, पण तीस वर्षांपूर्वीच्या जपानी कागदाचा वरचा तलम थर त्यांच्याबरोबर निघून येतो.

ऐकायचे असेल तर ट्रे बाहेर येणारे यंत्र वापरावे. त्या ट्रेच्या मध्यभागी जो छोटा गोल खळगा असतो, तो याच आठ सेंटिमीटरच्या तबकडीसाठी असतो. गाडीतल्या किंवा फटीतून तबकडी ओढून घेणाऱ्या कोणत्याही यंत्रात ती घालू नये. ती बहुधा आतच अडकते आणि यंत्र उघडून काढावी लागते. तबकडीभोवती बसवायची बारा सेंटिमीटरची प्लास्टिकची कडी त्या काळी मिळत असत, आणि जपानी लिलावांत त्या अजूनही दिसतात. पण फटीच्या यंत्रात त्या निसटून अडकण्याचा धोका राहतोच, त्यामुळे संचातल्या तबकडीवर तो प्रयोग मी करणार नाही.